अडसर

मिरजेत आमची गल्ली तारांची.
छपरांवर भोपळे वाळत घातलेले,
ओट्यांवर खुंट्या घासत बसलेली पोरं,
आणि मागच्या खोलीत एकटा मी,
रायफलीचं पोट उघडून बसलेला.
लोक म्हणतात, इस्माईल, वाट चुकलास काय?
चुकलो नाही. आम्ही शिकलगार.
पणजोबा तलवारींना पाणी द्यायचे.
तलवारी गेल्या, घर सतारीकडे वळलं,
मी वळताना जरा मागे पाहिलं, एवढंच.
पुढच्या खोलीत भाऊ घोडीवर जवारी काढतो,
मागच्या खोलीत मी घोड्यावर.

कुपवाडहून अनुजा मगदूम आली.
पुढच्या आठवड्यात निवड.
"चाचा, चाप जड लागतोय. हलका करा."
वडील दारातच. पाणी गाळून पिणारं घर.
पहिल्या दिवशी विचारलं होतं त्यांनी, यानं मरतं काय?
कागद, म्हणालो. दहा मीटरवरचा कागद,
त्यावर मोहरीहून लहान ठिपका.
तरी चपला काढून आत आले नाहीत, आजवर.

उघडून दाखवतो पोरीला.
हा हातोडा. मागे स्प्रिंग, दाबून धरलेली,
गोठ्याच्या दाराला धडक देणाऱ्या म्हशीसारखी.
हा अडसर. म्हशीचा सगळा जोर याच्या ओठावर,
आणि ओठ केवढा? नखाच्या कडेएवढा.
त्याखाली एक तरफ, तिच्याखाली अजून एक,
म्हणून तिकडे म्हैस ढकलते
आणि इकडे तुझ्या बोटाला
फक्त तिचं शेपूट लागतं.

ओठ घासायचा, आरसा होईस्तोवर,
पण कोन ढळू द्यायचा नाही.
भावालाही तेच भ्या. एक हात जादा, की सतार मुकी.

हा स्क्रू पहिल्या ओढीचा, मोकळ्या.
ओढ संपते तिथं भिंत लागते, बोटाला कळते,
ती कुठं उभी करायची ते हा ठरवतो,
किती जाड, ते त्याच्या शेजारचा.
आणि हा, याच्याबद्दल कुणी विचारत नाही:
सुटल्यावर चाप अजून किती मागे जाईल.
छर्रा तेव्हा नळीतच असतो, पोरी.
अंधारात जिना संपला म्हणून पाय टाकावा
आणि खाली अजून एक पायरी निघावी,
तसा हात ढळतो.

वजनाला माझ्याकडे काटा नाही, हळद आहे.
रायफल रिकामी, दोनदा बघितलेली. नळी छताकडे.
चापाला रुमालाची पोटली बांधतो,
सांगलीच्या यार्डातली हळकुंडं एकेक टाकतो.
अकराव्याला टक्.
स्क्रू पाव फेरा. नवव्याला टक्.
"अजून," ती म्हणाली.
सातव्याला. "अजून."
पाचव्याला सुटला तेव्हा हसली,
वाऱ्यानंसुद्धा सुटेल, म्हणाली, चाचा, मस्त.

मी पुन्हा ताणला,
रबरी हातोडीनं दस्त्यावर हळूच टिचकी दिली.
टक्.
बोट कुणाचंच नव्हतं.

मग कुणी हसलं नाही.
मगदूम आत आले. पहिल्यांदाच. चपलांसकट.
वाकून त्या नखाएवढ्या ओठाकडे बघत राहिले,
चष्मा वर, चष्मा खाली.
"यावर सगळं अडलंय?"
यावरच.
"मग राहू दे की थोडं जड," म्हणाले,
"धरायला तरी काही उरू दे त्याला."

स्क्रू मागे. अर्धा अष्टमांश, अजून एक केस.
टिचकी. गप्प.
जोरात टिचकी. गप्प.
आठव्या हळकुंडाला, भिंत ओलांडून, टक्.

अनुजानं आठ मोजून घेतली,
रुमालासकट किटमध्ये टाकली.
हाताला पिवळं लागलं ते पँटला पुसलं.
पुढच्या खोलीत भावानं तार चढवली,
थांबला, केसभर उतरवली.
मगदूमांचं लक्ष पायांकडे गेलं.
दारापर्यंत गेले, चपला काढल्या,
जोडीनं नीट लावून ठेवल्या,
आणि परत येऊन बसले.